रानाचा कागद, मरणाचा कागद

गेल्या श्रावणात एक निवृत्त गुरुजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. पिशवीतून सातबारा काढला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, दोन कागद करायचेत. एक रानाचा, एक मरणाचा."

मी लातूर-नांदेड भागातल्या एका तालुक्याच्या गावी तहसीलसमोर दस्त लिहिते. एकतीस वर्षं झाली. आधी नवऱ्याच्या हाताखाली, तो गेल्यावर स्वतःच्या परवान्यावर. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सगळं लिहून झालंय. पण मरणाचा कागद मागायला आलेले गुरुजी पहिलेच. त्यांचा नातू लंडनला असतो. तिकडं इच्छामरणाचा कायदा आणायचं चाललंय, मग इस्टेटीचं काय होणार, असलं काहीतरी त्यानं मोबाइलवर पाठवलेलं. शिवाय गुरुजींची मंडळी दोन वर्षांपूर्वी आयसीयूत गेलेली. नळी उपसू नये म्हणून तिचे हात खाटेला बांधले होते. ते त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यांचा प्रश्न सरळ होता. "आपल्याकडं हे चालतं का? आणि चाललं तर पोरांत भांडण न लागता कसं करायचं?"

काम तीन आठवडे चाललं. वकिलांना विचारून, निकाल वाचून जे कळलं ते इथं लिहिते. मी वकील नाही, दस्त लिहिणारी बाई आहे. तुमचं प्रकरण आधीच कोर्टात असेल तर हे वाचून वकील बदलायला जाऊ नका.

आधी घोळ मिटवते. सुई टोचून मारणं आपल्याकडं गुन्हाच आहे, रुग्णानं हात जोडून मागितलं तरी. चालतं ते एवढंच, की बरं व्हायची आशा उरली नाही अशा माणसाला यंत्रावर चढवायचं नाही, चढवलं असेल तर उतरवायचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 पासून 2015 पर्यंत खाटेवर पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं हे दार किलकिलं केलं. मग 9 मार्च 2018 ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं, की सन्मानानं मरणं हा घटनेच्या कलम 21 मधला हक्क आहे आणि माणूस शुद्धीत असताना तसं आगाऊ लिहून ठेवू शकतो. त्या कागदाला लिव्हिंग विल म्हणतात. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. शेतकरी माणूस फौजदारी कोर्टाची पायरी कशाला चढतोय? 24 जानेवारी 2023 ला कोर्टानं स्वतःच ती अट काढली. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

सगळा गोंधळ 'विल' या शब्दानं होतो. गुरुजींनीही घरून एकाच वहीच्या पानावर दोन्ही लिहून आणलं होतं. वर नळ्या घालू नका, खाली विहिरीचं रान थोरल्याला. मी ते पान बाजूला ठेवलं. मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं, लिव्हिंग विल तो जायच्या आधी. मृत्युपत्र कपाटात कुलपाखाली राहतं आणि तेरावं झाल्यावर भाऊबंद जमवून वाचलं जातं. तोवर नळ्यांचं काय लिहिलंय हे कळून कुणाला उपयोग? म्हणून एक कागद झाकून ठेवायचा आणि दुसरा वाटायचा.

दोन कागद वेगळे ठेवायचं दुसरं कारण माझ्याच घरातलं आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो, शहरातल्या एका खासगी दवाखान्यात एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टर म्हणाले, आता काही उरलं नाही. थोरल्या भाऊजींनी 'घरी नेतो' म्हणून सही केली. मामा गाडीतच गेले. महिनाभरानं वारसाच्या फेरफाराची नोटीस निघाली तेव्हा धाकटे भाऊजी चावडीवर म्हणाले, "यानं रानासाठी बापाची नळी काढली." रान तिघांत सारखंच वाटलं जाणार होतं, एक गुंठाही कमी-जास्त होणार नव्हता. तरी ते वाक्य सात वर्षं बांधावर उभं राहिलं. थोरल्यांच्या पोरीच्या लग्नाला धाकटे आले नाहीत. मामांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर ती सही भाऊजींची न राहता मामांची झाली असती.

जिथं जिथं इच्छामरणाचे कायदे झाले तिथं हीच शंका आधी हेरलेली दिसते. स्वित्झर्लंडच्या दंडसंहितेत कलम 115 आहे. दुसऱ्याला स्वतःचं जीवन संपवायला मदत करणं तिथं गुन्हा ठरतं ते मदत स्वार्थापोटी असेल तेव्हा. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात 1997 पासून कायदा चालू आहे. तिथं इच्छामरण मागणाऱ्या रुग्णाच्या अर्जावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला निदान एक असा हवा, की जो नातेवाईकही नाही आणि ज्याला इस्टेटीतलं काही मिळणारही नाही. शिवाय 'अमक्यानं असा अर्ज केला तरच' किंवा 'केला नाही तरच' अशी अट मृत्युपत्रात घातली तर ती तिथं चालत नाही. इंग्लंडच्या विधेयकावर 29 नोव्हेंबर 2024 ला कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहात, 330 विरुद्ध 275 आणि 20 जून 2025 ला 314 विरुद्ध 291 अशी मतं पडली. त्यातही मृत्युपत्रातून ज्याला लाभ होणार त्याला साक्षीदार होता येणार नाही अशी तरतूद होती. जुना कायदा तिथं आणखी कडक. मरणाला हात लावला तर वारसा जातो. मात्र 1982 च्या एका कायद्यानं न्यायाधीशाला सूट द्यायची मुभा आहे. असाध्य आजाराच्या नवऱ्याला स्वित्झर्लंडला सोबत करणाऱ्या एका बाईला 2019 मध्ये ती सूट मिळाली.

हे ऐकून गुरुजी म्हणाले, "म्हणजे तिकडंही भावकी आहेच."

आपल्याकडं काय? हिंदू उत्तराधिकार कायदा 1956, कलम 25. खून करणारा किंवा खुनाला साथ देणारा मेलेल्याचा वारस होऊ शकत नाही. मारणाराच आधी मेला होता असं धरून पुढची वाटणी होते. हा कायदा येण्याच्या आधी, 1924 सालीच, प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, हे तत्त्व सांगितलेलं. नांदेडचे शीख, आपले बौद्ध, जैन, लिंगायत हे सगळे याच कायद्याखाली येतात. आता नीट ऐका. कोर्टानं घालून दिलेल्या वाटेनं, वैद्यकीय मंडळांच्या मंजुरीनं उपचार थांबवले तर तो खून नाही. माणूस त्याच्या आजारानं जातो. ज्या पोरानं संमती दिली त्याचा हिस्सा जात नाही आणि विमाही त्यामुळं अडायला नको. पण बापानं गयावया केली म्हणून पोरानं स्वतःच्या हातानं फवारणीची बाटली तोंडाला लावली, तर ते सगळं उलटं. गुन्हा होतोच, वर रानही कोर्टात अडकतं. 'बापाचीच इच्छा होती' ही सबब फार तर शिक्षा कमी करेल.

आता प्रत्यक्ष काम.

लिव्हिंग विल आधी घ्या, ते सोपं आहे. स्टँप पेपरची अट कोर्टानं घातलेली नाही, साधा कागद चालतो. माणूस सज्ञान हवा, शुद्धीत हवा, आणि कुणाच्या दाबानं लिहीत नाही हे कागदावर यायला हवं. कोणत्या अवस्थेत काय नको ते स्पष्ट लिहा. 'मला त्रास देऊ नका' याला काही अर्थ नाही. गुरुजींनी लिहिलं: "आजार बरा होण्याची आशा नाही असं डॉक्टरांनी ठरवल्यावर आणि मला स्वतःला निर्णय सांगता येत नसताना, श्वासाचं यंत्र, छाती दाबणं, डायलिसिस नको. दुखणं कमी करणारं औषध मात्र द्या." शेवटचं वाक्य विसरू नका. आपल्याकडं 'उपचार नको' म्हटलं की पाणीसुद्धा नको असा अर्थ काढणारे महाभाग आहेत. आणि हे लिहिणं आपण केव्हाही रद्द करू शकतो, परिणाम आपल्याला समजलेत, अशाही ओळी टाका.

मी माझ्या मनानं एक ओळ घालायला लावली: "मला जगण्याचा कंटाळा आलेला नाही." गुरुजी हसले. पण उद्या मृत्युपत्राला हरकत घेणारा हाच कागद उचलून म्हणेल, बघा साहेब, बाप मरायचं म्हणत होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. ती ओळ त्याच्या तोंडावर बसते.

मग ज्यानं आपल्या वतीनं बोलायचं त्याचं नाव. 2023 पासून एकापेक्षा जास्त नावं घालता येतात, आणि मी तर म्हणते घालाच. माझा नियम असा, की ज्याला रान जास्त जाणार त्याच्या एकट्याच्या हाती नळी नको. गुरुजींना थोरल्याचं नाव घालायचं होतं, कारण तो जवळ राहतो. मी परभणीला दिलेली मुलगी आणि त्यांच्याच शाळेवरचे एक जुने सहकारी अशी दोन नावं सुचवली. सहकाऱ्यांना एक गुंठाही मिळणार नाही. थोरल्याला राग येईल का, असं गुरुजींनी विचारलं. मी म्हटलं, "आज येईल, पण उद्या चावडीवर त्याला कुणी बोट दाखवणार नाही."

दोन साक्षीदार लागतात, शक्यतो बाहेरचे. त्यांच्यासमोर सही करायची, मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडं जायचं. तालुक्याला तहसीलदारसाहेब असतात, सरकारी दवाखान्यातले वैद्यकीय अधिकारी असतात. कागद आपखुशीनं केलाय याची खात्री त्यांनी करायची असते, म्हणून म्हाताऱ्यालाच बोलू द्या. पोरानं मधे तोंड घालायचं नाही.

प्रती कुणाकुणाला? ज्यांची नावं घातली त्यांना, नेहमीच्या डॉक्टरला, आणि स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याला. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर आपल्या राज्यात असे अधिकारी नेमले गेले. नेमले म्हणजे शिपायाला माहीत असतं असं नाही. एका नगरपालिकेत, कोणत्या ते सांगत नाही, आम्हाला आधी जन्म-मृत्यू विभागात पाठवलं. तिथल्या माणसानं विचारलं, "पेशंट कधी वारले?" गुरुजी म्हणाले, "अजून वारायचाय, समोर बसलाय." दोन खेपा झाल्या. साध्या पत्रासोबत प्रत द्या, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय उठू नका.

दवाखान्यात पुढं काय होतं तेही पोरांना आधीच सांगून ठेवा. उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ बसतं. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो. दोघांनीही शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. उपचार थांबवण्याआधी दवाखाना न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतो. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालय, म्हणजे आपल्याला छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. लिव्हिंग विल नसेल तरी नातेवाईकांच्या संमतीनं हीच वाट चालते. पण मग सही पोराची असते आणि आमच्या घरासारखं होतं.

आता रानाचा कागद.

आधी हिशोब करा की तुमचं स्वतःचं किती आहे. गुरुजी म्हणाले, "अकरा एकर वीस गुंठे, सगळं माझ्या नावावर." सातबारावर नाव म्हणजे मालकी पक्की, असं नसतं. सात एकर आजा-पणजापासून चालत आलेलं, कधी न वाटलेलं. त्यात गुरुजी, दोन मुलं, एक मुलगी असे चार हिस्से. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, 2005 च्या दुरुस्तीनं. म्हणजे गुरुजींचे त्यातले एक एकर तीस गुंठे. पगारातून घेतलेलं विहिरीचं रान साडेचार एकर, ते पूर्ण त्यांचं. मृत्युपत्रानं द्यायला हाती राहिलं सहा एकर दहा गुंठे. अकरा एकरांचं मृत्युपत्र लिहिलं असतं तर मुलगी गप्प बसली तरी जावई बसले नसते.

जमीन वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावावर करता न येणारी, आहे का ते बघा. मराठवाड्यात निजामाच्या वेळच्या इनामाच्या आणि कुळाच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या घराबाहेरच्या कुणाला द्यायच्या मनात असेल तर लिहिण्याआधी तहसीलला विचारा.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. नोंदणीही सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं करून घ्या, खर्च नावाला आहे. दोन साक्षीदार लागतातच. ज्याला रान मिळणार त्याला साक्षीदार करू नका. माझा सल्ला असा, की लिव्हिंग विलचे साक्षीदार वेगळे आणि याचे वेगळे घ्या. साक्षीदार शक्यतो वयानं लहान घ्या. आपल्यामागं कोर्टात उभं राहायला त्यातला निदान एक तरी जिवंत हवा. त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घ्या की माणूस शुद्धीत आहे, समजून बोलतोय. अंगठा असेल तर वाचून दाखवल्याचं लिहा.

आणि हे कुठं करायचं? घरी, चालत्या-बोलत्या असताना. काही वर्षांपूर्वी एक कुटुंब मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेलं. म्हातारी यंत्रावर, डोळे मिटलेले. सून पर्समधून शाईचं पॅड काढत म्हणाली, "बाई, फक्त अंगठा घ्यायचाय." मी तिथूनच परतले. गाडीसुद्धा मिळाली नाही, एसटीनं आले. 1959 सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की मृत्युपत्राभोवती संशय असेल तर तो झाडण्याचं ओझं ते पुढं आणणाऱ्यावर. तसला अंगठा शेवटी त्या सुनेच्याच गळ्यात आला असता.

मुस्लिम घरात गणित वेगळं. मृत्युपत्रानं एक तृतीयांशापलीकडं देता येत नाही, आणि वारसालाच द्यायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मरणाच्या आजारात केलेल्या बक्षिसालाही, ज्याला ते मर्ज-उल-मौत म्हणतात, तीच एक तृतीयांशाची मर्यादा. म्हणजे आयसीयूतल्या घाईचा बंदोबस्त त्यांच्याकडं शेकडो वर्षांपूर्वीच झालाय.

अटी घालू नका. गुरुजींच्या पहिल्या पानावर होतं: "जो मला दवाखान्यात टाकेल त्याला विहिरीचं रान नाही." मग पाय मोडला तरी पोरं दवाखान्यात न्यायला घाबरतील, असं मी म्हटल्यावर त्यांनी ते खोडलं. उलटी अट तर आणखी वाईट, नळी काढेल त्याला जास्त. बेकायदा अटीवर दिलेलं दान भारतीय वारसा कायदा 1925 च्या कलम 127 नं रद्दच ठरतं. तिथं उदाहरण दिलंय ते खून करायच्या अटीवर दिलेल्या पाचशे रुपयांचं. इंग्रजांना उदाहरणं मात्र चांगली सुचायची.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. माणूस गेला की ते संपतं. बँकेतला नॉमिनी हा पैसे हाती घेणारा, मालक ठरतोच असं नाही. तिथलं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव जुळतंय का एवढं बघा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून मी मुद्दाम सांगते. त्याच 1925 च्या कायद्यात मयताच्या इस्टेटीतून आधी काय फेडायचं त्याचा क्रम आहे. अंत्यविधीचा खर्च आणि मरणाआधीच्या एका महिन्याचा दवाखान्याचा खर्च पहिल्या रांगेत. मग कोर्टकचेरीचा. त्यानंतर मजुराची, गड्याची तीन महिन्यांची थकलेली मजुरी. बाकीचं साधं देणं त्यामागं. म्हणजे व्हेंटिलेटरचं बिल वाटणीच्या आधी रानातून जातं, आणि सालगड्याचे पैसे पोरांच्या हिश्शाच्या आधी. गुरुजींनी हे वाचून सालगड्याची उचल आणि बाकी एका चिठ्ठीवर लिहिली, मृत्युपत्राला जोडली. पीककर्जाचा बोजा सातबारावर असतोच, तो जमिनीबरोबर ज्याच्या त्याच्याकडं जातो.

माणूस गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्या. मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत. हरकत आली तर मंडळ अधिकारी सुनावणी लावतात. मराठवाड्यात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर घेण्याची, सक्ती नाही, पण भांडण पेटलं तर दिवाणी न्यायालय चुकत नाही.

गुरुजी मागच्या महिन्यात पुन्हा आले. लिव्हिंग विलमध्ये एक ओळ वाढवायची म्हणाले: "यंत्र काढल्यावर मला घरी आणा, ओसरीवर, रस्ता दिसेल अशी खाट टाका." ओळ पेनानं वाढवता येत नाही. नवा कागद, नवे साक्षीदार, पुन्हा नोटरी, पुन्हा नगरपालिकेचा शिक्का, आणि जुन्या झेरॉक्स परत मागवायच्या. नाहीतर दवाखान्यात दोन कागद निघतात. सगळ्या आल्यात. पुण्याच्या धाकट्याकडची एक यायची राहिली आहे.